रविवारची तोफ

हट्टा गावच्या सोजराबाई स्कॉटलंडला निघाल्या, तेव्हा त्यांना तिथून काय काय मिळवायचं होतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण गल्लीतल्या बायकांना ते तोंडपाठ होतं. मुलाचं तोंड दिसणार होतं, ते एक. वर्षाची नात मांडीवर बसणार होती, ते दुसरं. मे महिन्यातल्या उन्हातून तीन आठवडे सुटका, ती वरकड. पण ही सगळी किरकोळ आवक. खरा माल एकच होता, एडिंबराच्या किल्ल्यावरची तोफ. ती आपल्या कानांनी ऐकायची, तिथून हट्ट्याला ऐकवायची, आणि कळमनुरीच्या शालूबाईंचं तोंड कायमचं बंद करायचं.

शालूबाई या सोजराबाईंच्या विहीणबाई, म्हणजे सून ऐश्वर्याची आई. आयुष फार्मसी शिकायला एडिंबराला गेला, तिथंच एका औषधांच्या दुकानात लागला, लग्न करून ऐश्वर्याला घेऊन गेला. इथपर्यंत सगळं सोजराबाईंच्या बाजूनं होतं. मुलगा त्यांचा, घर मुलाचं, देश परका असला तरी मुलामुळं त्यांचाच. मग मागच्या वर्षी ऐश्वर्याचं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. आणि लेकीला कळमनुरीला आणणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून माहेरच विमानात बसून तिकडं गेलं. त्यामुळं मुलाच्या घरात पहिला पाय पडला तो मुलीच्या आईचा. सोजराबाई तेव्हा चारचौघांत म्हणाल्या की रीतच आहे, आपलं काही म्हणणं नाही. ज्या दिवशी हे म्हणाल्या त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे त्यांची धाकटी जाऊ सखुबाई हिनं गल्लीभर सांगितलं.

शालूबाई तीन महिन्यांनी परत आल्या त्या एक फोटो घेऊन. मागं काळा खडक, त्यावर किल्ला, पुढं शालूबाई, अंगात जावयाचा कोट. फोटो त्यांच्या बैठकीत लागला, आणि गोष्ट मात्र त्यांच्याबरोबर प्रत्येक लग्नाला, बारशाला फिरू लागली. किल्ल्यावर रोज दुपारी एकच्या ठोक्याला तोफ उडते. शहरातले लोक तिच्यावर घड्याळं लावतात. शालूबाई तोफेपासून दहा पावलांवर उभ्या होत्या. दणका असा की पायाखालची फरशी हलली, हातातली दुधाची बाटली खाली पडली आणि लेकराच्या डोळ्याचं पातंसुद्धा हललं नाही.

सोजराबाईंनी ही गोष्ट सहा वेळा ऐकली. दुधाची बाटली तिसऱ्या वेळेपासून आली, हे फक्त त्यांच्या ध्यानात होतं. पण पाहून आलेल्या बाईला न पाहिलेल्या बाईनं काय विचारायचं? पूर्वी कुठल्याही कार्यात मुलाची आई म्हणून त्यांच्याकडं आधी चहा यायचा. आता बायका खुर्च्या ओढून शालूबाईंकडं तोंड करून बसत, आणि शालूबाई मध्येच त्यांच्याकडं वळून गोडीत म्हणत, ईनबाईनंबी जाऊन यायला पायजे एकदा. तो ‘एकदा’ सोजराबाईंना पायात काटा मोडल्यासारखा सलायचा.

तर नातीच्या, साक्षीच्या, पहिल्या वाढदिवसाला सोजराबाई निघाल्या. नवरा नरसिंग मागं राहिला. हळदीच्या बेण्याला आणि म्हशींना कुणीतरी पाहिजे होतं. निघताना तो एवढंच म्हणाला, की तिकडं गेल्यावर तोफेच्या नादात लेकराकडं बघायचं राहून जाऊ देऊ नको. नरसिंगचं बोलणं घरात कुणी मनावर घेत नसे. मार्चमध्ये त्याचं शेतातलं म्हातारं कुत्रं मेलं, तेव्हा त्यानं ते बांधाला पुरून वर एक दगड उभा केला होता. ते बघून गल्ली हसली होती. सोजराबाईही हसल्या होत्या, सगळ्यांत आधी.

जायच्या आधी त्यांनी बेत पक्का केला. किल्ल्यावर जायचं ते रविवारी. आयुषचं दुकान आठवड्यातून तेवढा एकच दिवस बंद असतं, आणि इकडं रविवारी संध्याकाळी विहारात वंदनेला सगळ्या बायका आपसूक जमतात. तिथं एक वाजतो तेव्हा इथं साडेपाच. वंदना सहाला. म्हणजे साडेपाचला विहाराच्या ओट्यावर फोन लावायचा, बायकांनी तोफ ऐकायची आणि मग वंदनेला बसायचं. असा मोका परत येणार नव्हता. त्यांनी घरोघर आवतण दिलं. शालूबाईंना तर नरसिंगला पाठवून कळमनुरीत सांगितलं, की तुमच्याशिवाय शोभा नाही. शालूबाईंनी यायचं कबूल केलं. नाही म्हटलं असतं तर का आल्या नाहीत याचा विचार सुरू झाला असता, आणि तो त्यांना नको होता.

एडिंबराला पोचल्यावर पहिले चार दिवस नातीत गेले. मग एका दुपारी ऐश्वर्यानं भांडी पुसता पुसता विषय काढला. म्हणाली, आई, किल्ल्यावर आपण दोघीच गुरुवारी जाऊ, बस दारावरून जाते. सोजराबाईंनी लगेच मनात मांडून बघितलं. सुनेनं नेलं तर उद्या कळमनुरीत काय म्हणतील? आमच्या ऐश्वर्यानं फिरवलं सासूला. म्हणजे मान परत तिकडंच. मुलानं नेलं असं झालं पाहिजे. त्या म्हणाल्या, आयुषला सुटी असंल तवा जाऊ.

दोन दिवसांनी ऐश्वर्यानं पुन्हा सुचवलं, की रविवारी तिथं सगळंच चालू नसतं.

"किल्ला काय रविवारी उठून गावाला जाते काय?" सोजराबाई म्हणाल्या.

यावर ऐश्वर्या गप्प बसली. ती गप्प का बसली याचा विचार त्या वेळी सोजराबाईंनी केला नाही. त्यांना वाटलं, आईच्या तोफेला धक्का लागेल म्हणून पोरगी आडवी येते आहे. त्यात निम्मं खरं होतं.

रविवार उजाडला. नऊवारीखाली लोकरीचे मोजे, पायात आयुषचे जुने बूट, वर सुनेचा स्वेटर, डोक्याला मफलर, अशा सोजराबाई चढ चढू लागल्या. दगडी रस्ता, दोन्ही अंगाला दुकानं, एक माणूस घागऱ्यासारखं काहीतरी घालून पिशवीचं वाद्य वाजवत होता. मे महिना, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी. आयुष मध्ये मध्ये फोटो काढायला थांबू लागला, तेव्हा त्यांनी त्याला दटावलं. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते असं तोच सकाळी म्हणाला होता. एक वाजेपर्यंत फोन खिशातून काढायचा नाही, बाकी फोटो मागनं. दारातला एक तेवढा काढू दिला, कारण शालूबाईंचा दारातला होता.

आत गेल्यावर मात्र त्यांना थोडा वेळ शालूबाईंचा विसर पडला, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी देवगिरी बघितला होता. हा त्यासारखाच खडकाच्या अंगातून उगवलेला, पण काळा आणि ओला. राजाचा मुकुट काचेत होता, तिथं रांग लावून बघितला आणि त्यांना तो लहान वाटला. एक जुनी तोफ होती, एवढी मोठी की तिच्या तोंडात साक्षी मावली असती. आयुष म्हणाला, हिला बाईचं नाव आहे, मेग म्हणतात. सोजराबाईंनी तिच्या तोंडावर हात फिरवला आणि ही तरी उडते का म्हणून विचारलं. ही शेकडो वर्षांपूर्वीच फुटली, उडते ती दुसरी, असं त्यानं सांगितलं.

मेगच्या जवळच कठड्यावरून खाली वाकून बघणारे लोक होते. सोजराबाईंनीही बघितलं. खाली तटाच्या कुशीत हिरवळीचा एक लहानसा तुकडा, आणि त्यात कडेनं बारके बारके दगड उभे केलेले. लेकरांची थडगी असावीत असं त्यांना वाटलं. आयुषनं पाटी वाचली. म्हणाला, आई, हे कुत्र्यांचं आहे. इथल्या सैनिकांची कुत्री. मेली की इथं पुरतात, नाव कोरून दगड लावतात.

सोजराबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. राजाच्या किल्ल्यात, मुकुटाच्या शेजारी, कुत्र्याला दगड. नरसिंगनं उभा केलेला दगड त्यांना आठवला. त्याला शेंदूर लावायचा का, असं कुणीतरी विचारलं होतं, आणि ते विचारणारं कुणीतरी म्हणजे त्याच होत्या. आयुषनं फोटो काढू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, नको, एक वाजू दे आधी.

पाऊण वाजता तिघं आणि साक्षी तोफेच्या गच्चीवर पोचली. हिरवट रंगाची, चाकं असलेली तोफ शहराकडं तोंड करून उभी होती. आसपास गर्दी नव्हती. दहा पावलं अंतर सोजराबाईंनी स्वतः मोजलं आणि तिथं पाय रोवले. शेजारून गणवेशातला एक माणूस चालला होता. आयुषनं त्याला काही विचारलं. तो माणूस हसला, बोटानं नाही अशी खूण केली आणि पुढं गेला.

आयुष परत आला तो चेहरा पाडून. "आई, आज तोफ नाही उडत. रविवारी बंद असते."

सोजराबाईंनी आधी मुलाकडं बघितलं, मग तोफेकडं, मग सुनेकडं. ऐश्वर्या साक्षीची टोपी नीट करत होती, नीट असलेली टोपी.

"मागल्या वर्षी ईनबाईंना कोणत्या वारी आणलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"रविवारीच. मला दुसरा दिवस कुठं असतो? सकाळी आलो, एकच्या आत परतलो."

वारा सुटला होता तरी सोजराबाईंना घाम फुटला, आणि तो सुखाचा होता. वर्षभराचा काटा एका ओढीत निघाला. फरशी हलली नव्हती. बाटली पडली नव्हती. शालूबाई दहा पावलांवर उभ्या होत्या त्या एका मुक्या लोखंडापासून. आता ऐश्वर्याचा गुरुवारही समजला, नंतरचं गप्प बसणंही समजलं. पोरीला सासूला खरी तोफ दाखवायची होती आणि आईला उघडं पाडायचं नव्हतं. गुरुवारी दोन्ही साधलं असतं. गुरुवार घालवला तो सोजराबाईंनी.

पण आता तर त्याहून चांगलं साधणार होतं. तिकडं साडेपाच होत आले होते. शालूबाई हट्ट्यात, विहाराच्या ओट्यावर, वीस बायकांच्या मध्ये आयत्या बसलेल्या. आयुषला त्यांनी फोन लावायला सांगितला.

फोन तिकडं सखुबाईनं धरला होता. तिच्या हातात तो हलत होता, पण सगळं दिसत होतं. सतरंजीवर बायका, मागं विहाराची पांढरी भिंत, आणि पुढं एकुलत्या खुर्चीत शालूबाई, हातात चहा. सोजराबाईंनी सगळ्यांना तोफ दाखवली, शहर दाखवलं. मग फोन तोंडापुढं धरून अगदी सावकाश विचारलं.

"ईनबाई, तुमी इथं आल्या व्हत्या तवा वार कोणता व्हता वो?"

शालूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या दूधखुळ्या नव्हत्या. प्रश्न कुठून आला आणि कुठं चालला हे त्यांना कप खाली टेकेपर्यंत कळलं असावं. "वार कुठं ध्यानात राह्यते, ईनबाई," त्या म्हणाल्या. "लेकरू व्हतं कुशीत."

सोजराबाई पुढचं बोलणार, तेवढ्यात सखुबाई म्हणाली, तिकडं एक वाजला, गप बसा. ओटा चिडीचूप झाला. इकडं गच्चीवर वारा, एक जोडपं केळी खात होतं, तोफ नुसती उभी. दहा-बारा क्षण गेले असतील.

"झालं," शालूबाई खुर्चीतून म्हणाल्या. कानावर हात ठेवून त्यांनी मान हलवली. "उडली. एकदा ऐकलेल्या कानाला कळते."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुणाला काहीतरी धप्प ऐकू आल्यासारखं वाटलं. कुणी म्हणाली, रेंज न्हाई. सखुबाईनं फोन वळवला आणि तिचं स्वतःचं तोंड पडद्यावर आलं, भुकेलेलं.

"बाई, आमाला तर काईच आलं न्हाई. खरं सांगा, उडली का न्हाई उडली?"

आता बोलायचं ते सोजराबाईंनीच. नाही म्हटलं की शालूबाई तिथंच संपत होत्या. एवढ्यासाठीच तर त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. पण सखुबाईच्या तोंडाकडं बघताना त्यांना दुसरी बाजूही दिसली. शालूबाई आज संपतील, आणि उद्या सखुबाई गल्लीत काय सांगेल? आमच्या बाईनं वीस बायका जमवल्या आन बंद तोफ ऐकवली. पोराच्या घरी राहून वार ठाऊक न्हाई. हसं शालूबाईंचं करायला जायचं, आणि व्हायचं आपलंच. शेजारी सून उभी होती. तिनं एका शब्दानं आईची बाजू घेतली नव्हती, सासूलाही अडवलं नव्हतं. तिच्या हातात साक्षी होती, आणि अजून दोन आठवडे ह्याच घरात जेवायचं होतं.

"व्हय," सोजराबाई म्हणाल्या. "उडली. लई मोठा आवाज."

आयुषनं तोंड उघडलं. ऐश्वर्यानं साक्षीला त्याच्या हातात दिलं आणि तो विषय तिथं मिटला.

पडद्यावर शालूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कप उचलून गार झालेला चहा एका घोटात संपवला, तेवढंच. तिकडं सहा वाजले नव्हते तरी बायका आता वंदनाच आटपू म्हणाल्या. सखुबाईनं फोन भिंतीला टेकवला आणि बंद करायला विसरली. किल्ल्याच्या गच्चीवर, बंद तोफेच्या शेजारी, सोजराबाईंना हट्ट्याची वंदना ऐकू येऊ लागली. पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्याला सगळ्यांत वर आवाज शालूबाईंचा होता, खणखणीत. सोजराबाईंनी सवयीनं हात जोडले, ओठही हलवले, आणि चौथ्याला खोकला आला. मग फोनची बॅटरी संपली.

परतीच्या आदल्या रविवारी त्यांनी पुन्हा किल्ल्यावर जायचं सुचवून बघितलं. कुत्र्यांच्या दगडांचा फोटो राहिला होता. दिवसभर पाऊस लागला आणि साक्षीला ताप होता. राहून गेलं.

हट्ट्यात आल्यावर पंधरा दिवसांतच जवळा बाजारला नात्यात साखरपुडा निघाला. सोजराबाई आणि शालूबाईंना शेजारी शेजारी बसवलं. चहा दोघींना एकदमच आला. हे सोजराबाईंना आधी चालण्यासारखं नव्हतं. बायकांनी खुर्च्या ओढल्या. शालूबाईंनी तोफ उडवली. फरशी हलली, बाटली पडली, आणि या वेळी गच्चीवरची कबुतरंही उडाली. मग त्या वळल्या, गोडीनं. "ईनबाई, सांगा वो, खोटं हाय का?"

"न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "खरं हाय."

वाक्य संपवून त्यांनी लगेच आपलं काढलं. म्हणाल्या, त्या किल्ल्यात आणखी एक बघितलं. तटाखाली कुत्र्यांची थडगी आहेत. दगड उभे, त्यावर नावं. राजाच्या किल्ल्यात. हे सांगताना त्यांची नजर मांडवाच्या कडेला पुरुषांत बसलेल्या नरसिंगकडं गेली. त्यानं मान वर केली होती.

सखुबाई आधी हसली. "कायबी सांगू नका, बाई. कुत्र्याची समाधी? भाऊजींवर पांघरूण घालून राहिल्या तुमी." सगळ्या हसल्या. फोटो दाखवा म्हणाल्या, फोटो नव्हता. दारातला होता, तो सगळ्यांनी शालूबाईंचा बघितलेलाच.

सोजराबाईंनी विहिणीकडं बघितलं. एवढी तोफ तिच्यासाठी उडवली होती. एक बारका दगड तिनं उचलायला हरकत नव्हती. "ईनबाई, तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "दिसली का न्हाई?"

शालूबाईंनी विचार केल्यासारखं केलं. "मी तर न्हाई बा बघितली," त्या म्हणाल्या. "जे बघितलं न्हाई ते कसं सांगावं?"

पलीकडं नरसिंगनं मान खाली घातली आणि पान जमवायला घेतलं. सोजराबाईंनी मग तोफेचं आणखी एकदा, विचारलं तसं, सांगितलं.

आता हिशेब मांडायचा तर असा लागतो. शालूबाईंना न ऐकलेली तोफ कायमची मिळाली, वर साक्षीदार म्हणून मुलाची आई मिळाली. ऐश्वर्याची आई झाकली गेली. सखुबाईला जळायला एकीच्या जागी दोघी झाल्या, आणि तिनं आपल्या पोराचा पासपोर्ट काढायला टाकला. आयुषचा एक रविवार गेला. नरसिंगच्या दगडाला लोक अजून हसतात. आणि या सगळ्याचं मिळून जे काही मोल झालं, ते सोजराबाईंनी भरलं: अख्खा बघितलेला किल्ला, त्या कठड्याखालच्या हिरवळीसकट.